टेंभी नाक्याची चार अक्षरं



गोष्ट एका बॅनरपासून सुरू होते. आमच्या हॉस्टेलच्या मुलांनी टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये रक्तदान शिबिर ठेवलं होतं. बॅनरचं काम माझ्याकडे आलं, कारण काय तर मला कोरल ड्रॉ येतं! दहा फूट बाय तीन फुटांचा फ्लेक्स. वरची ओळ 'रक्तदान शिबिर', खालची ओळ 'टेंभी नाका, ठाणे'. खालची ओळ जरा आखूड पडली. दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली म्हणून मी माऊसने अक्षरांचं टोक धरलं आणि ओढलं. अक्षरं मस्त रुंद झाली. मग उठाव यावा म्हणून लाल अक्षरांना जाड पिवळी बॉर्डर दिली. रात्री अडीच वाजता रूममधले सगळे म्हणाले, "एक नंबर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅनर लागला. पहिल्या दोन तासांत जे रक्तदाते आले, ते सगळे आमच्याच हॉस्टेलचे. दोन गृहस्थ तर बॅनरच्या खाली उभे राहून विचारत होते, "ते रक्तदानाचं कुठे आहे हो?" एका रिक्षावाल्या काकांनी रिक्षा थांबवून आम्हाला विचारलं, "हा टेंमी नाका कुठे आला?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. शेवटी आमच्यातल्या एकाने चार्ट पेपरच्या चार शीट चिकटवून ब्रशने साधी, मोठी, मोकळी अक्षरं काढली आणि रस्त्याच्या कडेला लावली. त्यानंतर लोक यायला लागले.

संध्याकाळी बॅनर गुंडाळून रूमवर आणला. सेमिस्टरभर तो गादीखाली होता. एकदा सबमिशनच्या काळात (म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं सुचण्याच्या काळात!) मी तो जमिनीवर पसरला, स्टीलची पट्टी घेतली आणि अक्षरं मोजायला बसलो. त्या मोजणीतून आणि नंतरच्या वाचनातून जे कळलं ते या लेखात लिहितो आहे. विषय आहे रुंद, गोल, भूमितीच्या वळणाची अक्षरं. पाट्यांवर, कमानींवर, मोबाईलच्या जाहिरातींवर दिसतात ती. सिलॅबसमध्ये हा विषय नाही, पण यात भूमिती आहे, ऑप्टिक्स आहे, वर्कशॉपही आहे.

रुंद आणि गोलच का?

गाड्या आणि मशीनच्या काळात जर्मनीत काही लोकांनी विचार केला की अक्षरंही लेखणीच्या वळणाने न काढता वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांतून काढावीत. पाउल रेनर यांचा 'फ्युचुरा' हा टाइप १९२७ साली बाजारात आला. त्यातला इंग्रजी 'ओ' म्हणजे जवळजवळ कंपासने काढलेलं वर्तुळ. पुढे इटलीत तुरीन इथल्या नेबिओलो फाउंड्रीने १९५२ साली 'मायक्रोग्रामा' आणि १९६२ साली 'युरोस्टाइल' काढला. यातली अक्षरं रुंद, आणि कोपरे टीव्हीच्या जुन्या पडद्यासारखे गोलावलेले. १९७९ साली फोक्सवॅगन कंपनीसाठी 'व्हॅग राउंडेड' तयार झाला. त्यात तर रेषांची टोकंही गोल.

इथे एक फरक लक्षात ठेवा. 'गोल' म्हणजे दोन गोष्टी असू शकतात. एक, अक्षराचं पोट गोल असणं. दुसरी, रेषेचं टोक गोल असणं. फ्युचुराची पोटं गोल आहेत, टोकं नाहीत. व्हॅग राउंडेडची टोकं गोल आहेत.

आता ही फॅशन आहे की उपयोग? दोन्ही. उपयोगाचं गणित सोपं आहे. पाटीच्या अगदी समोर उभे असाल तर अक्षर पूर्ण रुंदीचं दिसतं. पण रस्त्यावरचा माणूस समोर कधीच नसतो, तो तिरका येतो. पाटीच्या लंबाशी ६० अंशाचा कोन झाला, तर कॉस ६० म्हणजे ०.५, म्हणून अक्षराची दिसणारी रुंदी निम्मी होते. उंची मात्र तेवढीच राहते. चिंचोळं अक्षर निम्मं झालं की काड्यांची जुडी दिसते. १.४ पट रुंद अक्षर निम्मं झालं तरी ०.७ उरतं, वाचता येतं. शिवाय ताशी ३० किलोमीटरने जाणारी रिक्षा सेकंदाला सुमारे ८.३ मीटर जाते. म्हणजे ३० मीटरवरून पाटी दिसली तर वाचायला साडेतीन सेकंद मिळतात, त्यातही ड्रायव्हरची नजर खड्ड्यावर!

दुसरा उपयोग वर्कशॉपचा. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं सीएनसी राउटरवर कापतात. कटरचा व्यास ६ मिलिमीटर असेल तर आतला कोपरा ३ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा टोकदार निघूच शकत नाही. मग ज्या अक्षराला मुळातच गोल कोपरे आहेत ते मशीनला मानवतं. निऑनची नळी सगळीकडे सारख्या जाडीची असते, तिला सारख्या जाडीची रेषा हवी. एलईडीचंही तेच. रेषा एके ठिकाणी जाड आणि दुसरीकडे बारीक असली की उजेड ठिपक्याठिपक्यांत पडतो.

म्हणजे रुंद, गोल, एकसारख्या जाडीचं अक्षर हे पाटीसाठी बरं. मग आमचा बॅनर का फसला? अक्षरं रुंदच तर होती! याचं उत्तर शोधायला 'टेंभी नाका' ही चारच अक्षरं पुरतात. टें, भी, ना, का. एकेक घेऊ.

पहिलं अक्षर : टें

'ट' म्हणजे शिरोरेषा, छोटी मान आणि खाली उजवीकडे उघडं पोट. ते पोट बंद केलं की 'ठ' होतो. देवनागरीत कंपास घेऊन बसणाऱ्याला पहिला मोह होतो तो ठाण्याच्या 'ठ'चाच! वर्तुळ काढा, वर मान लावा, झालं.

पण करून बघा. पन्नास मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा, शेजारी पन्नास मिलिमीटर उंचीचा चौकोन काढा. वर्तुळ लहान दिसतं. कारण ते खालच्या रेषेला फक्त एका बिंदूत टेकतं, चौकोन पूर्ण बाजूने टेकतो. म्हणून अक्षरं करणारे लोक गोल अक्षराला रेषेच्या थोडं बाहेर जाऊ देतात, उंचीच्या एक ते तीन टक्के. आपण ड्रॉइंगच्या शीटवर रेषेबाहेर गेलो तर सर लाल पेन काढतात. इथे बाहेर गेल्याशिवाय मार्क नाहीत.

दुसरी फसवणूक जाडीची. सारख्याच जाडीची उभी आणि आडवी पट्टी काढली तर आडवी जाड भासते. म्हणून फ्युचुराच्या 'सारख्या जाडीच्या' अक्षरांतही आडव्या रेषा किंचित बारीक आहेत. देवनागरीत हे जास्त महत्त्वाचं, कारण आपल्याकडे प्रत्येक शब्दावर एक लांबलचक आडवी पट्टी असतेच, शिरोरेषा. ती काना एवढीच जाड ठेवली तर शब्दावर तुळई ठेवल्यासारखी दिसते.

आणि 'टें' नुसता 'ट' नाही. वर मात्रा आहे आणि अनुस्वार आहे. इंग्रजी अक्षर एकमजली किंवा दुमजली. आपलं अक्षर तीनमजली. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. मधे मूळ अक्षर. खाली उकार, ऋकार. म्हणजे देवनागरीत गर्दी आहे ती उभी, आडवी नाही. मी बॅनरवर काय केलं? अक्षर आडवं ओढलं! जिथे जागा कमी होती तिथे एक मिलिमीटरही वाढवला नाही, जिथे गरज नव्हती तिथे दिला. मात्रा आणि अनुस्वार यांच्यातली फट होती तेवढीच चिंचोळी राहिली. लांबून दोघांचा मिळून एक गोळा दिसत होता.

हा या लेखातला मुख्य मुद्दा आहे. देवनागरीत रुंद अक्षर हवं असेल तर आधी उंचीचा हिशेब करावा लागतो.

(फॅब्रिकेशनवाल्यांसाठी जाता जाता : शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एका पट्टीला लटकलेला एकसंध तुकडा म्हणून कापता येतो, ही मोठी सोय. पण अनुस्वार सुटा असतो. त्याला वेगळा स्क्रू लागतो. स्क्रू गेला की 'टेंभी'चा 'टेभी' झालाच.)

दुसरं अक्षर : भी

रिक्षावाल्या काकांनी 'टेंमी' वाचलं, त्यात त्यांची चूक नव्हती. 'भ' आणि 'म' यांत फरक किती? मुख्य फरक शिरोरेषेचा. 'म'वर ती अखंड, 'भ'वर डाव्या बाजूला तुटलेली, आणि त्या तुटीशी एक छोटं वळण. 'घ' आणि 'ध' यांचंही तसंच. ती फट दिसली नाही की धनाचं घन होतं.

फट दिसण्यासाठी किती मोठी हवी? डोळ्यांच्या डॉक्टरकडे तक्ता असतो तो याच हिशेबावर आहे. नॉर्मल, म्हणजे ६/६ नजर, साधारण एक मिनिटाच्या कोनाची फट ओळखते. एक अंशाचा साठावा भाग. ३० मीटरवर याची लांबी ३००००×०.०००२९ म्हणजे सुमारे ८.७ मिलिमीटर येते. ही किमान मर्यादा झाली. उजेड कमी, नजर कमजोर, रिक्षा हलती, असं धरलं तर दुप्पट-तिप्पट पाहिजे.

माझ्या बॅनरवर 'भ'ची फट ओढल्यानंतर १४ मिलिमीटर होती. म्हणजे समोरून, उन्हात, चांगल्या नजरेला ३० मीटरवरून दिसायला हरकत नव्हती. मग गेली कुठे? तर त्या पिवळ्या बॉर्डरने खाल्ली. बॉर्डर ७ मिलिमीटर जाड. ती फटीच्या डाव्या बाजूनेही आली आणि उजव्या बाजूनेही. १४ वजा ७ वजा ७, उरले शून्य! रात्री अडीच वाजता कोणाच्या लक्षात येणार?

बॉर्डर देणं म्हणजे अक्षर सगळ्या बाजूंनी फुगवणं. फुगवलं की बाहेरची रेघ बाहेर जाते आणि आतली रेघ आत येते, पोकळ्या बुजतात. देवनागरीत पोकळ्या भरपूर आणि बारीक. भ आणि न यांच्या गाठी, 'श्र'ची कुशी, 'द्ध'च्या मधली जागा. म्हणून जाड, गोल अक्षर करणारा माणूस शाई कुठे जाईल हे नंतर ठरवतो, रिकामी जागा कुठे राहील हे आधी ठरवतो.

जाडीचं टोक बघायचं असेल तर 'मोदक' नावाचा फॉन्ट बघा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो केला आहे, मुंबईच्या 'एक टाइप'कडून. नावाप्रमाणेच गुबगुबीत! त्यात अक्षराच्या आतली जागा नुसत्या बारीक चिरेसारखी उरते, आणि ती चीर कुठून जावी यावरच अक्षर ओळखू येतं. मोठ्या आकारात तो फार छान दिसतो. बारीक आकारात वापरला तर चिरा बुजतात. त्यात फॉन्टचा दोष नाही. तो लांबून वाचायच्या पत्त्यासाठी केलेलाच नाही, मोठ्या शीर्षकासाठी केलेला आहे.

तिसरं अक्षर : ना

आता ओढण्याचं गणित. 'ना' यात दोन काने शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे ओढलेलं अक्षर इथे लगेच पकडलं जातं.

समजा अक्षराची रेषा सगळीकडे ३ सेंटिमीटर जाड आहे. आडवं १.४ पट ओढलं. शिरोरेषेची जाडी उभी मोजतात, ती ३ सेंटिमीटरच राहिली. कान्याची जाडी आडवी मोजतात, ती ४.२ झाली. तिरक्या रेषेचं काय? क्षेत्रफळ १.४ पट वाढतं, लांबी वेगळ्या प्रमाणात वाढते, दोघांचा भागाकार म्हणजे नवी जाडी. ओढण्याचं प्रमाण 'क' धरलं आणि रेषेचा आडव्याशी कोन घेतला, तर

नवी जाडी = जुनी जाडी × क ÷ √(क² × कॉस²कोन + साइन²कोन)

४५ अंशाच्या रेषेसाठी उत्तर १.१५ पट येतं, म्हणजे ३.४५ सेंटिमीटर. एकाच अक्षरात तीन जाड्या झाल्या! अनुस्वाराचा गोल ठिपका अंडाकृती झाला. गोल टोकं लंबगोल झाली. मी पट्टीने मोजलं तेव्हा काना ४.२, शिरोरेषा ३. गणित चुकलं नव्हतं, मीच चुकलो होतो.

कोणी म्हणेल, जाडी-बारीकी देवनागरीत असतेच की! असते, पण तिला कारण असतं. बोरूने लिहिताना त्याच्या तिरक्या कापामुळे रेषा एका दिशेने जाड आणि दुसऱ्या दिशेने बारीक उमटते. इंग्रजी लेखणीचा काप ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूला आपल्या बोरूचा काप, म्हणून आपली जाडी-बारीकीही त्यांच्या उलट जागी पडते. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे बघा, शिशात ओतलेले असूनही त्यांत बोरूचं वळण दिसतं. त्या जाडीमागे हाताची हालचाल आहे. माझ्या बॅनरच्या जाडीमागे माऊसचा झटका होता.

मग खरं रुंद 'ना' कसं करतात? रेषा तीच ठेवतात, पोकळी वाढवतात. 'न'च्या गाठीपासून कान्यापर्यंतची जागा वाढवली, तर 'न'चा काना आणि पुढचा काना यांच्यातलं अंतरही वाढवावं लागतं, नाही तर तो काना दंडासारखा चिकटलेला दिसतो. शिवाय सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात रुंद करताच येत नाहीत. 'र' बघा. मुळात बारीक अंगाचा. त्याला १.४ पट रुंद केलं तर मोठ्या शिरोरेषेखाली एकटा लटकलेला दिसतो, रिकाम्या वॉर्डरोबमधल्या एका शर्टसारखा. उलट 'क्ष' आणि 'ज्ञ' आधीच पसरलेले, त्यांना जास्त रुंद केलं तर ते दोन अक्षरांची जागा खातात. म्हणून बारीक अक्षराला थोडं, मध्यम अक्षराला जास्त, रुंद अक्षराला कमी, असं ज्याचं त्याला वाढायचं. मेसमध्ये सगळ्यांना एकच माप चालतं, अक्षरांना चालत नाही.

चौथं अक्षर : का

'क'मध्ये काना मधोमध. डावीकडे बंद पोट, उजवीकडे वळलेला हात. भूमितीच्या पद्धतीने दोन वर्तुळांचे तुकडे काढून कान्याला चिकटवले की जोडाच्या जागी काळा डाग दिसतो. दोन रेषा एकमेकींत मिसळताना तिथे शाई दुप्पट साचल्यासारखी वाटते. वेल्डिंगमध्ये जोडावर माल जास्त पडला की ग्राइंडरने घासतो ना, तसं इथेही जोडाजवळ रेषा थोडी बारीक करतात.

हे काम पाहायचं असेल तर 'पॉपिन्स' फॉन्ट मोठा करून बघा. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट, यातली देवनागरी निनाद काळे यांची आणि इंग्रजी जॉनी पिनहॉर्न यांची. वर्तुळावर आधारलेली, जवळजवळ एकसारख्या जाडीची देवनागरी, पातळपासून अगदी जाडपर्यंत. दिसायला सगळं कंपासचं काम, पण जोडांजवळ रेषा हळूच बारीक झालेली सापडते. अजून एक गोष्ट. यात इंग्रजी कॅपिटल अक्षरं देवनागरीपेक्षा मुद्दाम बुटकी ठेवली आहेत. हे का, ते पुढच्या भागात येईल.

टोकंही गोल हवी असतील तर 'बलू' बघा. 'एक टाइप'नेच २०१६ साली तो आणला, जाड, गोल, प्रेमळ अस्वलासारखा. भारतातल्या वेगवेगळ्या लिप्यांत तो आहे आणि प्रत्येकात त्याचं नाव त्या भाषेतल्या भावासारखं. गुजरातीत 'बलू भाई', गुरुमुखीत 'बलू पाजी', बंगालीत 'बलू दा', कन्नडमध्ये 'बलू तम्मा', मल्याळममध्ये 'बलू चेट्टन'. मोदक, पॉपिन्स आणि बलू तिन्ही फॉन्ट मोफत आणि कायदेशीररीत्या वापरता येतात. पेन ड्राइव्हवरून आलेल्या चोरीच्या फॉन्टची गरज नाही, हे हॉस्टेलमधल्या जनतेने नोंद घ्यावं!

इथे एक प्रश्न येतो. टेंभी नाक्यावरून तलावपाळीकडे गेलं की गडकरी रंगायतन. नाटकांच्या जाहिरातींतली नावं आठवा. कमल शेडगे यांनी (त्यांचं २०२० साली निधन झालं) मराठी नाटकांच्या नावांची अक्षरं वर्षानुवर्षं काढली, प्रत्येक नाटकाचं वळण वेगळं. मग ते आणि फॉन्ट यांत फरक काय? शेडगे यांना त्या नावातली पाच-सात अक्षरंच एकमेकांशी जुळवायची होती. फॉन्टवाल्याला मात्र उद्या कोण काय लिहील हे माहीत नसतं. 'दुसऱ्या'मधला ऱ्य लागेल, 'राष्ट्र'मधला ष्ट्र लागेल, 'उत्कृष्ट' लागेल. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लागेल. राज्य शासनाने २००९ सालच्या निर्णयात हीच रूपं प्रमाण धरली आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये ती ठेवलेली असतात, फक्त सॉफ्टवेअरला भाषा हिंदी नसून मराठी आहे हे सांगावं लागतं. अशी शेकडो रूपं एकाच वळणाची व्हायला हवीत. हस्तकला आणि मास प्रॉडक्शन यांतला फरक इथे आहे. दोन्हींना डोळा लागतोच.

पाटीचा कायदा आणि मोजपट्टी

आता हे सगळं का महत्त्वाचं, तर पाट्यांमुळे. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला, आणि त्याचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, असा नियम. मुंबईतल्या दुकानदारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या आल्या. पण 'आकार लहान नको' म्हणजे काय मोजायचं?

कॉम्प्युटरमधला पॉइंट साइज म्हणजे अक्षराची उंची नाही. शिशाच्या खिळ्याचा ठोकळा जेवढा उंच, तेवढं ते माप. आज ठोकळा नाही, पण हिशेब तोच आहे. त्या ठोकळ्यात इंग्रजी कॅपिटल साधारण सत्तर टक्के उंची घेतं. देवनागरीला मात्र त्याच ठोकळ्यात वर मात्रा आणि खाली उकार बसवायचे, म्हणून मूळ अक्षराला बऱ्याच फॉन्टमध्ये कमी जागा उरते. दोन्हीकडे १०० पॉइंट टाइप केलं तरी मराठी नाव लहान दिसू शकतं. कागदोपत्री समान, डोळ्याला असमान! पॉपिन्समध्ये कॅपिटल बुटकी का ठेवली, ते आता कळलं असेल. दोन लिप्या शेजारी बसल्या की डोळ्याला बरोबरीच्या वाटाव्यात म्हणून.

दुसरी पळवाट रुंदीची. समजा इंग्रजी नाव रुंद, गोल अक्षरांत आठ फुटांवर पसरलं आहे, आणि तेवढ्याच उंचीचं मराठी नाव चिंचोळ्या अक्षरांत तीन फुटांत कोंबलं आहे. उंची समान आहे, नियम पाळला म्हणता येईल. पण तिरक्या नजरेने बघणाऱ्या रिक्षातल्या माणसाला काय दिसणार? वर केलेलं कॉस ६० चं गणित आठवा.

मला वाटतं, माप घ्यायचंच असेल तर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घ्यावं, आणि रेषेची जाडीही बघावी. पट्टी लावून दोन मिनिटांत होणारं काम आहे. आणि त्याहून महत्त्वाचं, पाटीसाठी पाटीचं अक्षर वापरावं. विंडोजबरोबर आलेला 'मंगल' आपण सगळे वापरतो. आयआयटी पवईला शिकवलेले प्रा. र. कृ. जोशी यांचं ते काम, स्क्रीनवर बारीक मजकूर वाचायला केलेलं. तेच ओढून, फुगवून दहा फुटांच्या फ्लेक्सवर टाकलं तर दोष जोशी सरांचा नाही.

करून बघा

टेंभी नाका ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याएवढा आहे. आनंद दिघे यांनी सुरू केलेला इथला नवरात्रोत्सव आणि दहीहंडी सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत कमानी, बॅनर आणि पाट्या यांचं प्रदर्शनच असतं. ते नसतानाही रोजच्या पाट्या आहेतच. पुढच्या रविवारी एक फेरी मारा. बरोबर वही आणि मोबाईल.

१. एका पाटीसमोर सरळ उभे राहा, वाचा. मग तिरके होत जा. कुठल्या जागेवरून वाचता येत नाही ती जागा पावलांनी मोजा. चिंचोळ्या आणि रुंद अक्षरांची तुलना करा.

२. भ, ध, थ असलेली पाटी शोधा. किती अंतरावर फट बुजते ते बघा. बॉर्डर असलेली आणि नसलेली, दोन्ही घ्या.

३. अनुस्वाराचा ठिपका गोल आहे की अंड्यासारखा? अंड्यासारखा असेल आणि बाकीचं अक्षर गोल वळणाचं असेल, तर अक्षर ओढलेलं आहे असं समजा. सगळ्यात स्वस्त टेस्टिंग इन्स्ट्रुमेंट!

४. मराठी आणि इंग्रजी नाव असलेल्या पाटीचा समोरून फोटो काढा. फोटोवर पट्टी ठेवून मराठी अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत आणि इंग्रजी कॅपिटल, यांचं गुणोत्तर काढा. दहा पाट्यांचा तक्ता करा. जर्नलसारखा एकमेकांचा कॉपी करू नका.

पुढच्या वर्षी शिबिर पुन्हा ठेवायचं ठरलं आहे. बॅनर मीच करणार. या वेळी मजकूर कमी, अक्षर मुळातच रुंद केलेलं, बॉर्डर नाही, मात्रेला वर भरपूर जागा, आणि छापायच्या आधी एक प्रिंट हॉस्टेलच्या पॅसेजच्या एका टोकाला चिकटवून दुसऱ्या टोकावरून वाचून बघायची. वाचणारा मात्र मजकूर माहीत नसलेला पाहिजे. फर्स्ट इयरचा कोणी चालेल.

जुना बॅनर अजून गादीखाली आहे. कोणाला 'टेंमी नाका' बघायचा असेल तर रूमवर या.